पायरी कुणी कुणाची चढायची?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या न्यूयॉर्कवर बेतलेली कुठलीही कौटुंबिक गाथा घ्या, वाचलेली असो की पडद्यावर पाहिलेली. तिच्यात एक प्रसंग हमखास असतो. नव्याने श्रीमंत झालेली एखादी बाई भलाथोरला वाडा बांधते, मेजवानी मांडते, आणि जुन्या घराण्यांतलं कुणी फिरकतच नाही. अन्न तसंच पडून राहतं, नोकर एकमेकांची तोंडं बघतात. आपल्याला प्रश्न पडतो, एवढा पैसा असताना हिला शेजारणीच्या येण्या-न येण्याचं इतकं काय पडलंय? आणि ती शेजारीण तरी साधं एक कार्ड पाठवायला इतकी अडून का बसलीय?

लग्नघरातला मानपान ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना अर्धं उत्तर आधीच ठाऊक आहे. ‘आधी तिने आमच्या घराची पायरी चढावी, मग बघू’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या श्रीमंत फिफ्थ ॲव्हेन्यूवर इंग्रजीत बोललं जात असे, एवढाच फरक. उरलेलं अर्धं उत्तर मात्र दिवाणखान्याबाहेर आहे: रेल्वेत, गव्हाच्या भावात, कर आकारणीत आणि बाईला काय करायची मुभा होती नि काय करायची नव्हती, यात.

आधी पैसा. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं रेल्वे, पोलाद, खनिज तेल, चांदीच्या खाणी यांतून संपत्तीचा नुसता पूर आला. युद्धाच्या खर्चासाठी बसवलेला प्राप्तिकर 1872 मध्ये उठला. 1894 साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो पुन्हा आणला, तर दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेत बसत नाही म्हणून रद्द केला. 1913 ची घटनादुरुस्ती होईपर्यंत जे कमावलं ते जवळपास सगळं आपलंच. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या माणसाने स्टॅटन आयलंडच्या नावाड्यापासून सुरुवात केली, आगबोटी केल्या, मग रेल्वे केली. लोक त्याला ‘कमोडोर’ म्हणत. त्याची भाषा शिवराळ आणि वागणं रांगडं. 1877 मध्ये तो गेला तेव्हा मागे सुमारे 10 कोटी डॉलर होते. मुलगा विल्यम हेन्री याने आठ-नऊ वर्षांत त्याचे दुप्पट केले. त्याच काळात कारखान्यातला मजूर वर्षाकाठी चार-पाचशे डॉलर मिळवत होता.

या काळाला ‘गिल्डेड एज’ हे जे नाव चिकटलं ते मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या 1873 सालच्या एका उपरोधिक कादंबरीचं आहे. सुवर्णयुग म्हणायला ते दोघे तयार नव्हते. वरून सोन्याचं पाणी दिलेलं युग, असं त्यांनी म्हटलं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, मुलामा. मुलाम्याच्या दागिन्याची जी भीती असते, की कुणी नखाने खरवडून पाहील, तीच भीती या सगळ्या बायकांच्या वागण्यामागे होती असं मला वाटतं. जुन्यांच्याही आणि नव्यांच्याही.

कारण जुने तरी किती जुने? न्यूयॉर्क मुळात डचांनी वसवलं. त्या काळापासूनची शेर्मरहॉर्न, व्हॅन रेन्सेलर, लिव्हिंग्स्टन अशी घराणी स्वतःला खानदानी समजत. तपकिरी दगडाच्या एकसारख्या घरांत राहायचं, पॅरिसहून आणवलेले कपडे लगेच अंगावर न घालता थोडे जुने होऊ द्यायचे, पैशाविषयी बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. 1830 मध्ये जन्मलेली कॅरोलाइन शेर्मरहॉर्न ही त्यांतलीच. तिचं लग्न 1853 साली विल्यम बॅकहाउस ॲस्टर (धाकटा) याच्याशी झालं. ॲस्टर घराण्याचा मूळपुरुष जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या खाटकाचा मुलगा. अमेरिकेत येऊन त्याने जनावरांची कातडी आणि फर यांचा व्यापार केला, त्या पैशातून मॅनहॅटनमधल्या जमिनी घेतल्या आणि 1848 मध्ये तो मेला तेव्हा देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. म्हणजे कॅरोलाइनचा नवरा तिसऱ्या पिढीचा. पैसा तीन पिढ्या मुरला की तो खानदानी, असा जो दंडक तिच्या दरबारात पुढे रूढ झाला त्याची सोय कुणाकडून लागली होती हे वेगळं सांगायला नको.

दरबार हा शब्द मी सहज वापरलेला नाही. त्या वेळच्या श्रीमंत बाईपुढे वाटा कोणत्या होत्या ते बघा. न्यूयॉर्क राज्याने 1848 मध्ये कायदा करून लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्या नावावर राहू दिली, ही मोठी गोष्ट. पण मत नाही, नवऱ्याच्या कचेरीत जागा नाही, बँकेच्या संचालक मंडळात नाही, निवडणुकीत नाही. हाताशी उरलं ते घर. मग ज्यांच्यात कर्तबगारी होती त्यांनी घराचाच दरबार केला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परतवायचं, हा एकच अधिकार त्यांच्या हाती होता आणि तो त्यांनी पुरुषांनी शेअर बाजारात वापरला त्याहून कमी निष्ठुरपणे वापरला नाही.

त्याचं हत्यार म्हणजे भेटकार्ड. बायका दुपारी घोडागाडीतून निघत, एकेका घरी नोकराच्या हाती कार्ड देत, कधी आत न जाताच पुढे निघत. कार्डाचा कोपरा दुमडलेला असेल तर बाई स्वतः येऊन गेली असं समजायचं. प्रतिष्ठित बाईने आधी कार्ड टाकलं की ओळख झाली. तिने टाकलं नाही तर तुम्ही समोरासमोर राहत असलात तरी तिच्या लेखी तुम्ही नाहीतच, आणि तुम्ही तिला आमंत्रण धाडणं म्हणजे आगाऊपणा. पायरी आधी कुणी चढायची याचा हा लेखी कायदाच होता म्हणा.

कॅरोलाइन ॲस्टरला राज्य चालवायला एक कारभारीही मिळाला. वॉर्ड मॅकॲलिस्टर हा जॉर्जियातल्या सव्हाना गावचा, वकिली सोडून खाण्यापिण्याच्या नि नाचांच्या शिष्टाचारात रमलेला गृहस्थ. 1872 मध्ये त्याने पंचवीस प्रतिष्ठित पुरुषांची एक मंडळी उभी केली, नाव ‘पेट्रिआर्क्स’, म्हणजे कुलपतीच. प्रत्येकाने दर नाचाला चार स्त्रिया आणि पाच पुरुष बोलवायचे, आणि बोलावलेल्यांची जबाबदारी त्याची. गाळणी बसवली ती पुरुषांच्या नावावर. तिच्यातून काय गळतं यावर नजर मिसेस ॲस्टरची. 1888 मध्ये मॅकॲलिस्टर वर्तमानपत्राच्या बातमीदाराला म्हणून गेला, की न्यूयॉर्कच्या खऱ्या उच्चभ्रू समाजात चारशेच माणसं आहेत. ‘फोर हंड्रेड’ हा शब्द तिथून रूढ झाला. ॲस्टरबाईंच्या नाचघरात चारशेच माणसं मावतात, असं त्याचं कारणही सांगितलं जाई. फेब्रुवारी 1892 मध्ये त्याने यादीच छापू दिली, तेव्हा लोकांनी नावं मोजली. ती तीनशेच्या आसपासच भरली. बिचाऱ्याने त्याआधी, 1890 मध्ये, आठवणींचं पुस्तकही काढलं होतं. घरातलं बाहेर बोलणारा कारभारी कुठल्याच दरबारात टिकत नाही. 1895 मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वजन कधीच संपलं होतं.

आता दुसरी बाजू. ॲल्व्हा अर्स्किन स्मिथ, जन्म 1853, अलाबामातलं मोबिल शहर. वडील कापसाचे व्यापारी, घरात गुलाम राबत असत. यादवीनंतर घराची उतरण लागली. 1875 साली तिने कमोडोरच्या नातवाशी, विल्यम किसम व्हँडरबिल्टशी लग्न केलं. तिला बुद्धी होती, चिडका स्वभाव होता आणि वास्तुकलेचं मनापासूनचं वेड होतं. रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुविशारदाला हाताशी धरून तिने 660, फिफ्थ ॲव्हेन्यूवर, तपकिरी घरांच्या रांगेत, पांढुरक्या चुनखडी दगडाचा फ्रेंच गढीसारखा वाडा उठवला. शहराने मान वर करून बघावं हाच हेतू, आणि शहराने बघितलंही. फक्त ॲस्टरबाईंचं कार्ड आलं नाही.

मग आला 26 मार्च 1883 चा वेषांतर नाच. हजाराहून अधिक निमंत्रितं. पॅरिसपासून न्यूयॉर्कपर्यंतचे शिंपी महिनोन्महिने कामाला लागले, तरुण मुली गटागटाने नाचाच्या तालमी करू लागल्या. त्या मुलींत ॲस्टरबाईंची लेक कॅरीही होती. पुढची गोष्ट अशी सांगतात: ॲल्व्हाने कुणाकरवी तरी कानावर घातलं की मिसेस ॲस्टर माझ्याकडे कधी आल्याच नाहीत, तेव्हा त्यांच्या मुलीला मी बोलवू कशी? लेकीचा हिरमोड आईला बघवेना. ॲस्टरांची गाडी व्हँडरबिल्टांच्या दारात थांबली, निळ्या गणवेशातल्या नोकराने कार्ड आत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आमंत्रण पोचलं. ही कहाणी नंतर घासूनपुसून लख्ख झाली असावी, इतकी ती नीटस आहे. पण एवढं खरं, की मायलेकी त्या नाचाला गेल्या.

त्या रात्रीची एक आठवण मला फार आवडते. ॲल्व्हाची मोठी जाऊ ॲलिस ‘विजेचा दिवा’ होऊन आली होती. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या पॅरिसच्या नामवंत पेढीने शिवलेला पोशाख, त्यावर सोनेरी-रुपेरी तारांचं काम, हातात उंच धरलेला दिवा. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. पोशाख आजही न्यूयॉर्कच्या शहर संग्रहालयात आहे. आणखी एक तरुणी डोक्यावर पेंढा भरलेली खरी मांजर घालून आली होती. तिच्याविषयी काय बोलावं! खर्चाचा आकडा वर्तमानपत्रांनी अडीच लाख डॉलर छापला. ॲल्व्हाने बातमीदारांना वाडा आधी दाखवला होता हे महत्त्वाचं. जुन्या घराण्यांना वर्तमानपत्रात नाव येणं म्हणजे लाज वाटे. हिने वर्तमानपत्रालाच आपला भालदार केलं.

या नाचाला दहा आठवडे झाले आणि 4 जून 1883 रोजी त्याच न्यूयॉर्कच्या धक्क्यावर अठरा वर्षांची एक मुलगी कलकत्त्याहून आलेल्या प्रवासातून उतरली. आनंदीबाई जोशी. तिला उतरवून घ्यायला आलेल्या मिसेस कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेलच्या, मध्यमवर्गीय घरच्या. अमेरिकेतल्या बायकांचा जो चेहरा महाराष्ट्राने पाहिला तो या कार्पेंटर मावशीचा. 1886 मध्ये पंडिता रमाबाई गेल्या, दोन-अडीच वर्षं गावोगाव बोलल्या. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. तो पैसा चर्चमधल्या, दारूबंदी चळवळीतल्या, शाळामास्तरणींच्या वर्गातून थेंबाथेंबाने आला. रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ 1889 साली मराठीत आलं. मुलाम्याच्या काळातली अमेरिका बघायची तर दिवाणखान्याइतकीच ही दुसरी खिडकीही उघडी ठेवावी लागते.

परत फिफ्थ ॲव्हेन्यूवर येऊ. पुढची लढाई नाट्यगृहात झाली. चौदाव्या रस्त्यावरच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये फक्त अठरा बॉक्स, म्हणजे बसायचे खास कक्ष, होते आणि ते जुन्या घराण्यांत वारशाने चालत. व्हँडरबिल्टांनी एका बॉक्ससाठी 30 हजार डॉलर देऊ केले नि नकार मिळाला, असं सांगतात. मग नव्या धनिकांनी वर्गणी करून आपलं नाट्यगृहच बांधलं. 22 ऑक्टोबर 1883 रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेरा उघडला, गुनो या फ्रेंच संगीतकाराच्या ‘फाउस्ट’ने, आणि त्यात बॉक्सच बॉक्स. तीन वर्षांत अकॅडमीचे ऑपेराचे दिवस संपले. पंगतीत पान मांडत नाहीत तर आपली पंगतच वेगळी घालायची, आणि ती इतकी मोठी घालायची की पहिल्या पंगतीतले लोक ताट घेऊन इकडे यावेत! आज जगात नावाजलेली ती संगीतसंस्था एका रुसव्यातून उभी राहिली, हे गाणं ऐकताना कुणाच्या मनात येत नाही.

उन्हाळ्यात सगळा लवाजमा ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला जाई. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तिथल्या राजवाड्यांना ‘कॉटेज’ म्हणायची पद्धत होती. आपण बंगल्याला ‘झोपडी’ नाव देतो तसलाच प्रकार. ॲल्व्हाचं मार्बल हाउस 1892 मध्ये पुरं झालं: 1 कोटी 10 लाख डॉलर खर्च, त्यांतले 70 लाख निव्वळ संगमरवराचे. तिच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाची ती भेट. यावर थोरल्या जावेने 1895 मध्ये सत्तर खोल्यांचं ‘द ब्रेकर्स’ बांधून उत्तर दिलं. जावाजावांची चुरस जगभर सारखी, फक्त इथे ती इटालियन दगडात उतरली.

ॲस्टरांकडेही घरचंच भांडण पेटलं होतं. थोरली पाती 1890 मध्ये विल्यम वाल्डॉर्फ ॲस्टरकडे आली. त्याचं म्हणणं, आता घराण्याची ‘मिसेस ॲस्टर’ म्हणजे माझी बायको. काकूंनी कार्डावर नवऱ्याचं पूर्ण नाव लिहावं. काकूंच्या कार्डावर नुसतं ‘मिसेस ॲस्टर’ असे आणि त्या ते बदलायला तयार नव्हत्या. पुतण्याने चिडून काकूंच्या घराला लागून असलेलं वडिलांचं घर पाडलं आणि तिथे तेरा मजली हॉटेल बांधलं, वाल्डॉर्फ. 1893 मध्ये ते सुरू झालं. खिडकीवर हॉटेलची सावली, दारात गाड्यांची वर्दळ. काकूंनी पासष्टाव्या रस्त्यावर नवं घर बांधलं आणि त्यांच्या मुलाने जुन्या घराच्या जागी दुसरं हॉटेल, ॲस्टोरिया, 1897 मध्ये उभं केलं. दोन्ही जोडून वाल्डॉर्फ-ॲस्टोरिया. काका-पुतण्यांची भांडणं महाराष्ट्राला नवी नाहीत, पण त्यांतून एवढं चालणारं हॉटेल निघाल्याचं आपल्याकडे उदाहरण नाही.

आता त्या काळच्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराकडे यायला हवं, तो म्हणजे मुली. गाथांमध्ये इंग्लंडचा कर्जबाजारी सरदार आणि अमेरिकेची पैसेवाली मुलगी ही जोडी असतेच. 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत शंभराहून अधिक अमेरिकी मुली ब्रिटिश उमराव घराण्यांत गेल्या. विन्स्टन चर्चिलची आई जेनी जेरोम ही त्यांतली अगदी सुरुवातीची, तिचं लग्न 1874 मधलं. हे सरदार अचानक इतके भिकेला का लागले? जुगार आणि घोडे होतेच. पण मुख्य कारण गव्हाचं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतला स्वस्त गहू रेल्वेने न्यूयॉर्कला आणि तिथून आगबोटीने लिव्हरपूलला येऊ लागला. 1870 च्या दशकाच्या आरंभीपासून 1890 च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये गव्हाचा भाव निम्म्याखाली आला. जमिनीचा खंड वसूल होईना, त्यावर जगणारे वाडे गळू लागले. 1894 मध्ये वारसाकर आला. म्हणजे ज्या रेल्वेने ड्यूकचा खंड बुडवला त्याच रेल्वेच्या मालकाच्या मुली हुंडा घेऊन त्याच्या घरी गेल्या. हुंडा हाच शब्द, कारण करारनामा वकील बसवून होत असे.

यातलं सगळ्यात गाजलेलं लग्न कसं जुळलं याची एक कडी भारतात आहे. 1893 च्या अखेरीस व्हँडरबिल्ट कुटुंब ‘व्हॅलियंट’ या आपल्या नौकेतून मुंबईला आलं. नवरा-बायकोचं पटत नव्हतंच. नवऱ्याचा मित्र ऑलिव्हर बेल्माँटही सोबत होता. मुंबईहून आगगाडीने ते कलकत्त्याला गेले आणि ॲल्व्हा लेकीला घेऊन व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या घरी उतरली. लेडी लॅन्सडाउन ही मार्लबरोच्या तरुण ड्यूकची सख्खी मावशी. दोन बायकांच्या गप्पा झाल्या. सोळा वर्षांच्या कॉन्सुएलोने पुढे आठवणींत लिहिलं, की आपलं लग्न आईने त्या मुक्कामातच मनाशी ठरवलं. स्थळं मावशीकडूनच येतात, हा नियम कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाउसलाही लागू होता तर.

कॉन्सुएलोचं मन विन्थ्रॉप रदरफर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्याच तरुणावर होतं. आईने तिला घरात जवळजवळ कोंडलं, हृदयविकाराचा धाक घातला. पाठ ताठ राहावी म्हणून जिला लहानपणी धडा गिरवताना कण्याला लोखंडी सळई बांधत, ती मुलगी किती काळ विरोध करणार? 6 नोव्हेंबर 1895 रोजी फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट टॉमस चर्चमध्ये लग्न झालं. वराला बीच क्रीक रेल्वेचे 50 हजार शेअर मिळाले, दर्शनी किंमत 25 लाख डॉलर, वर चार टक्के परताव्याची हमी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची. ड्यूकच्या ब्लेनहाइम राजवाड्याची डागडुजी त्या पैशातून झाली. याच वर्षाच्या मार्चमध्ये ॲल्व्हाने स्वतः घटस्फोट घेतला होता, तिच्या वर्तुळात न ऐकलेली गोष्ट, आणि लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. लेकीला डचेस केल्यावर ती सगळी मंडळी लग्नाला हजर. स्वतःच्या मोकळिकीची किंमत तिने मुलीकडून वसूल केली, असं मी म्हणेन. 1906 मध्ये जोडपं वेगळं झालं, 1921 मध्ये घटस्फोट, आणि 1926 मध्ये धर्मपीठापुढे विवाह रद्द करण्याचा प्रश्न आला तेव्हा ॲल्व्हाने स्वतः साक्ष दिली, की मी हे लग्न जबरदस्तीने लावलं.

1895 मध्येच शिकागोच्या घाऊक कापड व्यापाऱ्याची, लेव्ही लायटरची मुलगी मेरी हिचं लग्न जॉर्ज कर्झनशी झालं. 30 डिसेंबर 1898 रोजी ती व्हाइसरॉयची पत्नी म्हणून मुंबईत उतरली. अमेरिकी बाईला ब्रिटिश साम्राज्यात याहून वरचं स्थान तोवर मिळालं नव्हतं. 1903 च्या दिल्ली दरबारातला तिचा मोराच्या पिसाऱ्यासारखा पोशाख दिल्लीच्या जरदोजी कारागिरांनी भरला, पिसांवरच्या डोळ्यांत भुंग्याचे हिरवे पंख टाचले, आणि शिवला वर्थने. कापडाच्या दुकानातून आलेला पैसा कापडावरच शेवटी असा उजळला. 1906 मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ती गेली.

मुलामा खरवडला जायला 1890 पासूनच सुरुवात झाली होती. जेकब रीस या डेन्मार्कहून आलेल्या बातमीदाराने त्या वर्षी गरीब वस्त्यांची छायाचित्रं घालून पुस्तक काढलं आणि फिफ्थ ॲव्हेन्यूपासून थोड्या अंतरावर, एकेका कोंदट खोलीत डझनभर माणसं कशी झोपतात ते लोकांनी पाहिलं. 1893 मध्ये मंदी आली, बँका बुडाल्या, बेकारी वाढली. अशा दिवसांत कॉर्नेलिया ब्रॅडली-मार्टिन हिने 10 फेब्रुवारी 1897 ला वाल्डॉर्फमध्ये राजेराण्यांच्या वेषातला नाच ठेवला. तिचा युक्तिवाद असा: आमंत्रणं उशिरा धाडली की पॅरिसला कपडे शिवायला वेळ उरणार नाही, मग धंदा न्यूयॉर्कच्या शिंप्यांना मिळेल. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, पण चर्चमधून टीका सुरू झाली, वर्तमानपत्रं तुटून पडली आणि हॉटेलला पोलिसांचा वेढा पडला. तेव्हा पोलीस आयुक्तांत होते थिओडोर रूझवेल्ट. चौदा वर्षांपूर्वी ॲल्व्हाच्या नाचाचं जे कौतुक झालं त्याची आता शिवी झाली होती. करवाल्यांनी आकारणी वाढवली आणि 1899 मध्ये ब्रॅडली-मार्टिन इंग्लंडला निघून गेले.

कॅरोलाइन ॲस्टरचा शेवटचा मोठा समारंभ 1905 चा. नंतर स्मृती गेली. शेवटच्या काळात ती हिरे घालून, नटूनथटून दारापाशी उभी राही आणि न आलेल्या पाहुण्यांचं नावानिशी स्वागत करी, असं सांगतात. खरं असो की रचलेलं, आयुष्यभर ‘कोण आत, कोण बाहेर’ एवढंच सांभाळलेल्या बाईच्या दारात अखेर कुणीच नव्हतं, हे चित्र लोकांना पटलं म्हणून टिकलं. 1908 मध्ये ती गेली. तिच्या जुन्या घराच्या, म्हणजे नंतरच्या हॉटेलच्या जागेवर 1931 पासून एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे.

त्याच 1908 साली ॲल्व्हाचा दुसरा नवरा, तोच नौकेवरचा बेल्माँट, वारला. पंचावन्न वर्षांची ही विधवा मग मताधिकाराच्या चळवळीत उतरली. 1909 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्लाउज शिवणाऱ्या हजारो मुलींनी संप केला, बहुतेक नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या. ॲल्व्हाने त्यांच्या सभेसाठी हिप्पोड्रोम हे भलंमोठं नाट्यगृह भाड्याने घेतलं. एका रात्री ती फौजदारी न्यायालयात पहाटेपर्यंत बसली आणि अटक झालेल्या मुलींच्या जामिनासाठी मॅडिसन ॲव्हेन्यूवरचं आपलं राहतं घर तारण दिलं. कामगार पुढाऱ्यांतल्या काहींना हा श्रीमंतांचा कळवळा खुपला, आणि तो खुपण्यासारखा होताही. हुकूम सोडायची तिची सवय कधीच गेली नाही. पण पैसा, वर्तमानपत्र, वाडा आणि आमंत्रणाची यादी यांचा वापर कसा करायचा हे तिला 1883 पासून पाठ होतं. मार्बल हाउस तिने तिकीट लावून उघडलं: तिकीट काढा, वाडा बघा, भाषण ऐका, पैसे चळवळीला. न्यूयॉर्कमध्ये बायकांना 1917 मध्ये मत मिळालं, देशभर 1920 मध्ये. 1933 च्या जानेवारीत तिचं पॅरिसमध्ये निधन झालं. अंत्यविधी न्यूयॉर्कला, ज्या सेंट टॉमस चर्चमध्ये लेकीचं लग्न लावलं तिथेच, आणि शवपेटीबरोबर चालणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या.

जुलै 1914 मध्ये मार्बल हाउसमध्ये कर्तबगार स्त्रियांची परिषद भरली होती. समुद्राकाठच्या नव्या चिनी चहाघरात चहापान झालं, आणि पाहुण्यांपुढे आलेल्या पांढऱ्या कपबश्यांवर निळ्या अक्षरांत छापलं होतं, ‘बायकांना मत द्या’. मार्बल हाउस आता संग्रहालय आहे. तसल्याच कपबश्या तिथल्या दुकानात विकत मिळतात.